विचार करणाऱ्याला टेबलावरून उठवू नये

नेवाडातल्या कॅसिनोत ब्लॅकजॅक खेळणाऱ्या एखाद्या माणसाजवळ अधिकारी येतो आणि नम्रपणे सांगतो, की दुसरे काहीही खेळा, पण ब्लॅकजॅक नको. बाहेर जायला सांगितल्यावरही तो माणूस कॅसिनोत परत आला तर अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा लागू शकतो. त्याने पत्त्यांवर खुणा केलेल्या नसतात, डीलरशी, म्हणजे कॅसिनोच्या वतीने पत्ते वाटणाऱ्याशी, संधान बांधलेले नसते, अंगावर यंत्र लपवलेले नसते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडलेले पत्ते त्याने लक्षात ठेवले आणि त्यानुसार पैज कमी-जास्त केली, एवढेच. नेवाडाच्या कायद्यात ही फसवणूक नाही. तरीही त्याला उठवण्याची मुभा कॅसिनोला आहे आणि ती काढून घेतली पाहिजे. खेळाचे नियम कॅसिनोने खुशाल ठरवावेत, पण ते पाळून जिंकू शकणाऱ्याला वेचून बाहेर काढण्याचा हक्क परवानाधारकाला असू नये.

ही मागणी समजून घ्यायची तर पत्ते मोजणे म्हणजे नेमके काय, हे आधी पाहावे लागते. त्याविषयी समज कमी आणि गैरसमज फार आहेत.

ब्लॅकजॅकमध्ये आपल्या पत्त्यांची बेरीज २१ च्या पुढे न जाता डीलरपेक्षा जास्त करायची असते. रुलेटच्या फिरत्या चक्रावरच्या चेंडूला मागच्या फेरीशी काही देणेघेणे नसते. ब्लॅकजॅकमध्ये मात्र एकदा पडलेला पत्ता पुढची पिसणी होईपर्यंत परत येत नाही, त्यामुळे उरलेल्या गड्डीचे स्वरूप दर हाताला बदलते. १९५६ मध्ये बाल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅकडरमॉट या अमेरिकी लष्करात काम करणाऱ्या चौघांनी साध्या टेबल-कॅल्क्युलेटरवर हिशेब करून कुठल्या हाताला काय करावे याचा पहिला भरवशाचा तक्ता छापला. गणिती एडवर्ड थॉर्प यांनी तेच काम आयबीएम ७०४ संगणकावर पुढे नेले आणि कुठला पत्ता निघून गेला की पारडे किती झुकते, हे मोजले. त्यांचे पुस्तक १९६२ मध्ये आले. एका कॅटच्या खेळातून एक पंजी गेली तर खेळाडूची बाजू साधारण ०.७ टक्क्याने सुधारते आणि एक एक्का गेला तर साधारण ०.६ टक्क्याने बिघडते. सहा कॅटच्या खेळात हाच परिणाम सुमारे एक षष्ठांश होतो.

मोठे पत्ते उरले की खेळाडूचा फायदा का होतो, हा प्रश्न रास्त आहे, कारण ते पत्ते डीलरलाही तितकेच मिळणार असतात. उत्तर खेळाच्या नियमांतच आहे. ब्लॅकजॅक, म्हणजे एक्का आणि दहाचा पत्ता (दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा), दोघांनाही सारखाच लागतो. पण खेळाडूला त्याचे दीडपट मिळतात आणि डीलर जिंकला तर खेळाडूची फक्त मूळ पैज जाते. डीलरला १६ वर पत्ता घ्यावाच लागतो, खेळाडू थांबू शकतो; गड्डीत दहाचे पत्ते जास्त असतील तर डीलरच अधिक वेळा फुटतो, म्हणजे २१ च्या पुढे जाऊन हरतो. १० किंवा ११ वर पैज दुप्पट करण्याची सोयही फक्त खेळाडूला आहे आणि तिथे मोठा पत्ताच हवा असतो.

मोजण्याची सर्वांत रुळलेली पद्धत हाय-लो. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता पडला की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का यांना वजा एक. प्रत्येक कॅटमध्ये लहान पत्ते वीस आणि मोठेही वीस, म्हणून पूर्ण कॅट मोजून झाला की बेरीज शून्यावर आलीच पाहिजे. सराव करणारे एक कॅट अर्ध्या मिनिटाच्या आत मोजून हे तपासतात. पत्ते एकेक मोजायचे नसतात. राजा आणि पंजी शेजारी दिसले की ते एकमेकांना खोडतात, म्हणून नजर जोड्यांवर फिरते.

ही झाली चालू बेरीज. तेवढ्यावर पैज लावणे हीच नवशिक्याची पहिली चूक असते. सहा कॅटच्या खेळात बेरीज +९ असेल आणि तीन कॅट उरले असतील तर खरी मोजणी +३. पाच कॅट उरले असतील तर तीच +९ दोनच्याही आत येते आणि दीडच कॅट उरला असेल तर सहा होते. म्हणून चालू बेरजेला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायचे. उरलेले कॅट शूमध्ये, म्हणजे पत्ते वाटायच्या पेटीत, दिसत नाहीत, म्हणून वापरून झालेल्या पत्त्यांच्या ट्रेकडे पाहून अंदाज घ्यायचा. एक कॅट, दीड कॅट, दोन कॅट असे ढीग रचून डोळ्याला उंचीची सवय लावतात, कारण अर्ध्या कॅटची चूक शूच्या शेवटाला सर्वांत महाग पडते आणि मोठ्या पैजा नेमक्या तिथेच लागतात.

आता या मोजणीची ताकद पाहू. चांगल्या नियमांच्या सहा कॅटच्या खेळात, तक्ता बिनचूक पाळला तर, कॅसिनोचा टक्का, म्हणजे पैजेतून त्याला सरासरी उरणारा भाग, साधारण अर्धा असतो. खरी मोजणी एकाने वाढली की खेळाडूची बाजू साधारण अर्ध्या टक्क्याने सुधारते. म्हणजे +१ ला बरोबरी, +२ ला अर्धा टक्का आपला, +४ ला दीड टक्का. बहुतेक हात शून्याच्या आसपासच खेळले जातात आणि तिथे किमान पैजेवर थोडे थोडे हरत राहावे लागते. मोजणी +४ झाली आणि २०० डॉलर लावले, तर त्या हातावरचा अपेक्षित फायदा तीन डॉलर असतो. त्याच हाताचा चढ-उतार मात्र सुमारे २३० डॉलरचा असतो, कारण ब्लॅकजॅकच्या एका हाताचे प्रमाण विचलन पैजेच्या साधारण १.१५ पट भरते.

या दोन आकड्यांतली दरी लक्षात घेतली की काउंटर, म्हणजे पत्ते मोजणारा, कॅसिनो लुटतो हे चित्र टिकत नाही. समजा, एखाद्याची अपेक्षित कमाई तासाला ३० डॉलर आहे आणि तासाचे प्रमाण विचलन ५०० डॉलर. शंभर तासांनंतर अपेक्षा ३,००० ची आणि विचलन ५,००० चे. एकही चूक न करता खेळूनही तो तोट्यात असण्याची शक्यता चारात एकाहून थोडी जास्त. चारशे तासांनंतरही ती नवात एक एवढी उरतेच. म्हणून पैजेचा आकार भांडवलावरून ठरवावा लागतो. केली सूत्रानुसार एक टक्का बाजू असताना भांडवलाच्या साधारण पाऊण टक्का पैज लावावी. २०,००० डॉलरवर १५० डॉलर. अनुभवी खेळाडू त्याच्याही निम्मीच लावतात, कारण सूत्राइतकी पूर्ण पैज लावली तर भांडवल अर्ध्यावर येण्याचे प्रसंग वारंवार येतात. मोजणी बरोबर असूनही कंगाल झालेल्यांची मोठी पैज बहुधा इथेच चुकलेली असते.

पैजेइतकेच मोजणीनुसार केलेले चालीतले बदल महत्त्वाचे वाटतात, पण अनेक कॅटच्या शूमध्ये त्यांचे मोल कमी असते. ब्लॅकजॅकचे अभ्यासक डॉन श्लेसिंगर यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की शेकडो आकडे पाठ करण्याची गरज नाही, अठरा बदलांतच बहुतेक फायदा सामावतो. त्यांतही पहिला मान इन्शुरन्सचा. डीलरचा एक्का उघडा असताना आतला पत्ता दहाचा निघेल, यावर ही वेगळी पैज असते आणि ती दोनास एक देते. ती फायद्याची व्हायची तर उरलेल्या पत्त्यांत दहाचे पत्ते एक तृतीयांशाहून जास्त हवेत. ताज्या सहा कॅटमध्ये एक्का वगळून ३११ पत्त्यांत ते ९६ असतात, म्हणजे ३०.९ टक्के, आणि पैजेवरचा तोटा ७.४ टक्के. खरी मोजणी +३ झाली की हिशेब उलटतो. स्वतःकडे ब्लॅकजॅक असताना डीलर 'इव्हन मनी', म्हणजे पैजेइतकीच रक्कम लगेच, देऊ करतो, तीही हीच पैज असते. हातात आलेला ब्लॅकजॅक वाया जाऊ नये म्हणून ती डोळे मिटून घेणारे +३ च्या खाली दर वेळी थोडे पैसे सोडून देतात.

दुसरा मोठा बदल १६ विरुद्ध दहाचा, म्हणजे आपली बेरीज १६ आणि डीलरचा उघडा पत्ता दहाचा. शून्यावर किंवा त्याच्या वर थांबायचे, खाली असेल तर पत्ता घ्यायचा. सरेंडर, म्हणजे अर्धी पैज सोडून हात टाकण्याची सोय, मिळत असेल तर मोजणी फार खाली नसताना तेच बरे. १५ विरुद्ध १० ला +४ वर थांबायचे. १२ विरुद्ध ३ ला +२ वर, १२ विरुद्ध २ ला +३ वर. १० विरुद्ध १० ला +४ पासून डबल, म्हणजे पैज दुप्पट. मोजणी उणे असतानाही चाल बदलते: १३ विरुद्ध २ ला मोजणी −१ च्या खाली गेली की पत्ता घ्यायचा. डीलरची छक्की उघडी असताना +४ ला दहाची जोडी फोडणे, म्हणजे तिचे दोन वेगळे हात करणे, गणिताने बरोबर ठरते, पण २० चा हात मोडणारा माणूस छतावरच्या कॅमेऱ्याला लगेच दिसतो, म्हणून जाणकार तो मोह टाळतात. सगळे बदल पाठ, पण मूळ तक्ता कच्चा, असे खेळाडू बरेच असतात. सॉफ्ट १८ (एक्का ११ धरून झालेले १८) विरुद्ध ९ ला थांबण्याची चूक पुन्हा पुन्हा करणाऱ्याला हे आकडे वाचवू शकत नाहीत.

जवळच्या खेळांत हेच तत्त्व वेगळ्या मापाने लागू होते. स्पॅनिश २१ मध्ये प्रत्येक कॅटमधल्या चारही दश्शा काढलेल्या असतात, ४८ पत्ते उरतात. तिथे हाय-लो शून्यापासून सुरू केली तर मोजणी कायम खोटी आशा दाखवते. सहा कॅटला −२४ पासून सुरुवात करावी लागते. बॅकरा या पत्त्यांच्या खेळात मुख्य पैजांवर प्रत्येक पत्त्याचा परिणाम इतका बारीक असतो की मोजणीतून हाती काही लागत नाही. संगणकावरच्या खेळात दर हाताला नव्याने पिसणी होत असेल तर मोजायला काही उरतच नाही.

तर मोजणी ही अशी आहे: कष्टाची, बारीक फायद्याची, हेलकाव्यांची. तिला हद्दपारीची शिक्षा का?

न्यू जर्सीने हा प्रश्न १९८२ मध्येच सोडवायला घेतला. केन उस्टन या नामांकित काउंटरला अटलांटिक सिटीतल्या रिसॉर्ट्स इंटरनॅशनलने बाहेर काढले होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की खेळाचे नियम ठरवण्याचा अधिकार कॅसिनो नियंत्रण आयोगाचा आहे आणि खेळण्याच्या पद्धतीवरून कुणाला वगळणे कॅसिनोच्या हातात नाही. लोकांसाठी खुल्या ठेवलेल्या जागेतून विनाकारण कुणाला हाकलता येत नाही, हेही न्यायालयाने बजावले. नेवाडाने मात्र खासगी मालमत्तेचे तत्त्व धरून ठेवले आहे.

खासगी मालमत्तेचा मुद्दा हलका नाही. पण कॅसिनो हे साधे दुकान नव्हे. राज्याने इतरांना मनाई असलेला धंदा त्याला परवान्याने दिलेला असतो, पत्त्यांपासून सोंगट्यांपर्यंत सगळ्याची तपासणी राज्य करते आणि लोकांना सांगते की हा खेळ सचोटीचा आहे. त्या सचोटीत एक गोष्ट गृहीत असते: टेबलावर छापलेले नियम समोर बसलेल्या प्रत्येकाला सारखे लागू आहेत. जिंकण्याची शक्यता असलेल्यांना वेचून काढल्यावर जो खेळ उरतो, तो नियामकाने मंजूर केलेला खेळ राहत नाही.

फसवणुकीची रेषा पुसावी असे इथे मुळीच म्हणायचे नाही. ती कुठे असावी हे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये व्यावसायिक जुगारी फिल आयव्ही यांच्या खटल्यात नेमके दाखवले. आयव्ही यांनी २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत पुंटो बँको या बॅकराच्या प्रकारावर सुमारे ७७ लाख पौंड जिंकले होते. पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही कडांना किंचित वेगळी होती. खेळातले महत्त्वाचे पत्ते उलट दिशेने फिरवून ठेवायला त्यांनी आणि त्यांच्या साथीदार महिलेने डीलरला अंधश्रद्धेचे कारण सांगून लावले. न्यायालयाने याला फसवणूक म्हटले आणि ते योग्यच होते, कारण पत्त्यांच्या मांडणीतच हस्तक्षेप झाला होता. नेवाडाने १९८५ मध्ये मोजणीच्या यंत्रांवर बंदी घातली, तीही रास्त. १९७० च्या दशकात बुटांत संगणक लपवून खेळण्याचे प्रयोग झाले होते. काउंटर यातले काहीच करत नाही. टेबलावरच्या कुणालाही उपलब्ध असलेली माहिती तो वापरतो.

कॅसिनो तीच माहिती स्वतः वापरते, आणि या वादात सर्वांत कमी बोलले जाते ते याच गोष्टीवर. मोजणी चढली की पत्ते लगेच पिसायचे आणि उतरलेली असली की शेवटपर्यंत वाटत राहायचे, असा डाव टाकता येतो. काउंटरला रोखण्यासाठी केलेला हा उपाय टेबलावरच्या प्रत्येकाला लागतो. ज्याला मोजणी म्हणजे काय हेही ठाऊक नाही, त्याच्या वाट्याला गड्डीचे चांगले भाग येतच नाहीत आणि वाईट भाग पूर्ण येतात. नियमांवरून अर्धा टक्का वाटणारा खेळ प्रत्यक्षात त्याहून महाग होतो आणि खेळणाऱ्याला ते कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. न्यू जर्सीने हद्दपारी थांबवली, पण लवकर पिसण्याची मोकळीक ठेवली. माझ्या मते तिथे तो कायदा अर्ध्यावर थांबला. पिसणी कुठे होणार हे शू सुरू होण्यापूर्वी कट कार्डाने, म्हणजे गड्डीत खोचलेल्या खुणेच्या पत्त्याने, ठरावे आणि मध्ये कुणालाच ते बदलता येऊ नये.

याने कॅसिनो बुडतील, ही भीती १९६४ मध्येही होती. थॉर्प यांच्या पुस्तकाने घाबरलेल्या लास वेगासच्या कॅसिनोंनी त्या एप्रिलमध्ये डबल करण्यावर आणि एक्क्यांची जोडी फोडण्यावर बंधने आणली. गिऱ्हाईक पाठ फिरवू लागले आणि काही आठवड्यांतच जुने नियम परत आले. पुढे ब्लॅकजॅकची लोकप्रियता वाढतच गेली, कारण हा खेळ हरवता येतो ही बातमी लाखोंनी ऐकली आणि त्यातले फार थोडे प्रत्यक्ष हरवण्याइतका सराव करू शकले. त्या आशेवर कॅसिनोने आजवर भरपूर कमावले आहे. आशा विकायची आणि ती खरी करणाऱ्याला दार दाखवायचे, हे ग्राहकाशी प्रामाणिक वागणे नव्हे.

अधिक गंभीर आक्षेप असा, की हद्दपारीला बंदी केली तर कॅसिनो खेळच बिघडवतील. अटलांटिक सिटीत आठ कॅटचे शू आले, कट कार्ड वर सरकले, चालू शूमध्ये नव्याने बसायला मनाई झाली. हे नाकारता येत नाही. पण हे सगळे बदल डोळ्यांना दिसतात. सहापैकी दोन कॅट कापून ठेवलेले टेबल पाहून उठून जाता येते. कॅसिनोला दोनाऐवजी आठ कॅट वापरू द्या, पैजेची मर्यादा सर्वांसाठी खाली आणू द्या, सतत पिसणारे यंत्र बसवू द्या. त्या यंत्राने कॅसिनोचा टक्का वाढत नाही, पिसण्याचा वेळ वाचून तासाचे हात वाढतात आणि तोटा त्या वेगाने वाढतो. तरीही ते टेबलावर उघड असते. माणूस निवडून त्याला वेगळा नियम लावणे मात्र बाकीच्यांना कधीच दिसत नाही.

शिवाय खेळ बिघडण्याचे कारण काउंटरच असतात हेही खरे नाही. ब्लॅकजॅकला तीनास दोनऐवजी सहास पाच देण्याची प्रथा साध्या खेळाडूच्या खिशातून पैसे काढते. १०० डॉलरवर १५० ऐवजी १२०. ब्लॅकजॅक साधारण एकवीस हातांत एकदा येतो, त्यामुळे या एका बदलाने कॅसिनोचा टक्का सुमारे १.४ ने वाढतो, म्हणजे अर्ध्यावरून जवळजवळ दोनवर जातो. २५ डॉलरच्या पैजेने तासाला ७० हात खेळणाऱ्याचा अपेक्षित तोटा नऊ डॉलरवरून तेहतीसवर. डीलरने सॉफ्ट १७ वर पत्ता घेण्याचा नियम आणखी ०.२ टक्का खातो. असा बदल मोजणीपासून बचावासाठी नसतो. तो खपतो, कारण टेबलाच्या कापडावरच्या बारीक अक्षरांचा अर्थ बसणाऱ्याला कुणी सांगत नाही.

म्हणून परवान्याच्या अटींत हे लिहिले जावे: खेळण्याच्या पद्धतीवरून कुणालाही मज्जाव नाही, आणि एका टेबलावर पैजेच्या मर्यादा सर्वांना सारख्या. किती कॅट, कट कार्ड कुठे, ब्लॅकजॅकला किती, सॉफ्ट १७ चा नियम काय आणि तक्ता पाळला तर कॅसिनोचा टक्का किती, हे बसण्यापूर्वी वाचता येईल अशा अक्षरांत टेबलावर असावे. कॅसिनोंनी खेळाडूंची छायाचित्रे आपापसांत वाटणे बंद व्हावे. नेवाडात केवळ मोजणीच्या संशयावरून माणसे अडकवून ठेवल्याबद्दल भरपाई देण्याची वेळ कॅसिनोवर आलेली आहे. पिसणी ठरल्या जागीच झाली का, हे तपासायला नवी यंत्रणाही लागत नाही. प्रत्येक टेबलावर कॅमेरा असतोच; नियामकाने कुठल्याही दिवसाचे चित्रीकरण मागवावे, कट कार्ड बाहेर येण्याआधी झालेल्या पिसण्या वेगळ्या काढाव्यात आणि त्या वेळची मोजणी लावून पाहावी. बहुतेक पिसण्या चढत्या मोजणीवरच निघाल्या, तर त्या टेबलाच्या परवान्याविषयी सुनावणी लावावी.